पासवरचा राजा

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळात वीस मिनिटांचं नाटुकलं बसवायला घ्या, तालमींपेक्षा किस्सेच जास्त होतात. यंदा गणपतीत मी बेल्जियमच्या पहिल्या राजावर लिहिलं आणि डोक्याचा पार भुगा करून घेतला!

पहिल्याच मीटिंगला अध्यक्ष कुलकर्णीकाका म्हणाले, "आपले राजे संपले का रे?"

"काका, देश नवा स्वतंत्र झालेला. राजाच नव्हता! म्हणून जर्मन राजपुत्राला बोलावलं. आपल्यासारखाच बाहेरचा!"

"आणि तो लगेच आला?"

"त्याआधी ग्रीसची गादी नाकारली होती त्याने."

"म्हणजे मार्केट होतं माणसाला," काकांनी मान डोलावली. एवढंच त्यांना पटलं.

*

राजा केला मिलिंदला. तुआसच्या कारखान्यात इंजिनीअर, अकरा वर्षं एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच मुक्काम. कायम राहायला मिळावं म्हणून पीआरचा तिसरा अर्ज टाकलेला. "उत्तर येईपर्यंत इथे तरी राज्य करतो," म्हणाला.

काकांनी मला बाजूला घेतलं. "राजा पासवरचा नको. मध्येच परत जावं लागलं तर? कुणी सिटिझन बघ."

अहो! काम परदेशी राजाचं, आणि करणारा परदेशी नको? मी हातातला चहा तसाच टाकून निघून आलो. राजा मिलिंदच राहिला.

*

चोआ चू कांगच्या हॉलमध्ये तालीम. राजा ब्रुसेल्सच्या वेशीवर येतो, तर समोरून आमच्या पाच बायका निरांजनाचं तबक घेऊन!

"तिथे ओवाळत नाहीत हो!" मी ओरडलो.

"नवा माणूस दारात आला आणि ओवाळायचं नाही? असले कसले लोक!" जोशीकाकू माझ्यावरच भडकल्या.

तबक राहिलं. माझं कोण ऐकतंय?

*

मिलिंदची सई नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. प्रत्येक तालमीला पहिल्या रांगेत, टॅबमध्ये डोकं.

"सई, बाबा कसं काम करतोय?"

"ओके लाह." इथल्या पोरांचं ते इंग्रजी.

"मराठीत सांग की!"

"कॅनॉट लाह, अंकल."

मग आम्ही दर रविवारी मराठीचे वर्ग घेतो ते कशाला? बायकोपाशी मी तासभर चिडचिड केली.

*

प्रयोगाच्या दिवशी मी मिलिंदला राजाचे कल्ले चिकटवत होतो. मेल आली. त्याने वाचली, फोन उलटा ठेवला. "नाही म्हणाले. तिसऱ्यांदा."

माझंच रक्त उसळलं. अकरा वर्षं, अरे!

"डावा कल्ला सुटतोय," तो म्हणाला.

एन्ट्री झाली. बायकांनी ओवाळलं. आता राजाचं शेवटचं वाक्य होतं, "मी इथे कायमचा राहायला आलो आहे."

मिलिंद तबकाकडे बघत उभा. विंगेतून मी वाक्य पुरवलं, एकदा, दोनदा. मग काकांनीही पुरवलं. तो तोंडच उघडेना.

पहिल्या रांगेत सई उभी राहिली.

"बाबा, 'मी इथे कायमचा राहायला आलो आहे!' बोल ना!"