हॉलमध्ये सगळे वाकतात

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही! आधीच सांगते, नंतर "आर्किटेक्ट बाई पण घाबरली" म्हणून कुणी कॉमेंट टाकू नका.

कट्टा गावाच्या पुढे आमच्या काजूच्या बागेत मी स्वतःसाठी घर बांधलं. चिऱ्याचं, पण गोल... हॉलमध्ये एकही आडभिंत नाही. त्याच जागी पूर्वी आमचा मांगर, म्हणजे बागेतली खोपी होती. काजूच्या दिवसांत आई तिथे राबायची. मांगराचं दार ठेंगणं, म्हणून आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ती तळवा धरायची, चौकट लागू नये म्हणून. आई गेली, मांगर मोडकळीला आला, मी पाडला.

आमच्याकडे बांधकामाआधी जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदाराला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. मी नाही घातलं. बाबा भडकले.

"त्या घरात मी पाय ठेवचंय नाय!"

खरंच आले नाहीत. वास्तुशांतच केली नाही, म्हणून तेही निमित्त नव्हतं. फार लागलं मला ते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जणांनी आपापली वेगळ्या धाटणीची घरं एका रविवारी लोकांना बघायला खुली केली. म्हटलं, सगळा गाव येतोय तर बाबाही येतील.

गर्दी झाली. आणि माझ्या लक्षात आलं — हॉलच्या मध्यावर पोचला की प्रत्येक जण वाकतोय. छत एवढं उंच, वाकायचं कशाला? कोल्हापूरच्या एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यांना विचारलं.

"अहो, कुणीतरी डोक्यावर हात धरला ना? वाटलं, काहीतरी लागेल."

त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं. मी स्वतः तिथून चालून बघितलं. काही नाही.

शेजारची काकी लगेच सुरू. "नारळ ठेव गो, सगळा शांत होतला!" तिनेच जाऊन बाबांना सांगितलं, जागा जागी झाली म्हणून.

बाबा तरातरा आले, हातात नारळ. आता स्वतःच गाऱ्हाणं घालणार होते. हॉलच्या मध्यावर आले... आणि वाकले. तसेच थांबले. मग डोळे पुसत नारळ पिशवीत परत टाकला.

"तुझी आवस अजून हात धरता गो."

आता रोज संध्याकाळी चहाला येतात. वाकून आत जातात.

हे काय आहे, मला माहीत नाही. काकी अजून नारळासाठी मागे लागते. अगं, शांत कुणाला करायचं, माझ्या आईला? मी रोज तिथून ताठ मानेने, मुद्दाम हळू चालते. नाही घालणार गाऱ्हाणं. आधी माझ्या डोक्यावर हात पडू दे.