आबांनी पालथं पडून ऐकलेला चीन

डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना, आबांना, काही दिवस पालथं पडून राहायला सांगितलं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. हुकूम तो हुकूम. इस्लामपूरच्या आमच्या घरी, पडदे ओढलेल्या खोलीत ते उशीला कपाळ टेकून पडून असत.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. दुपारी त्यांच्या उशाशी बसून तासाची तयारी करायचे. एकदा ते म्हणाले, मोठ्यानं वाच, तेवढाच वेळ जाईल.

तेव्हा चीन चालू होता. राजेशाही उलथवणारे क्रांतिकारक, आणि पदरी फौज नसल्यामुळं ज्याच्या हाती त्यांना सत्ता सोपवावी लागली तो सेनापती. त्यालाच पुढं सम्राट व्हायची हौस आली. तो गेल्यावर प्रांताप्रांतात एकेक सरदार आपापली पलटण घेऊन बसला. मी हळू आवाजात वाचत राहायचे. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलायचा, बाहेर उसाची पाती सळसळायची, आणि मलाच झापड येऊन वाटायचं, त्या पलटणी आमच्याच उसातून चालल्यात, पाय न वाजवता. आबा झोपले समजून मी थांबले की उशीतून आवाज यायचा, "मग त्या शिपायांनी मीठ कुणाचं खाल्लं?"

पगार सरदाराचा, धान्य वाटेत येईल त्या गावाचं, असं मी सांगितलं. 

सरदारांकडं फौज मागून थकलेल्या क्रांतिकारकांनी शेवटी दक्षिणेत स्वतःचीच लष्करी शाळा काढली, ते वाचलं त्या दिवशी आबा म्हणाले, "धाकट्याला बोलाव. त्यो असल्यातलाच हाय."

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, आमचे काका. आबांनी त्याला भरतीला नेलं होतं. तो रांगेतून निघाला तो थेट जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात, पाण्याच्या चळवळीत. भाऊ सरकारच्या विरोधात रस्त्यावर बसतो, हे फौजेतल्या आबांना सहन झालं नाही. तेव्हापासून लग्नकार्यातही दोघं वेगवेगळ्या पंगतीला.

काका आता राहतात त्या रहिमतपूरहून दुसऱ्याच दिवशी आले. आबांना फरशीवरची त्यांची पावलं तेवढी दिसत होती. ती पावलं ते पाहत राहिले. काकांनी त्रास होतो का विचारलं, आबांनी बस म्हटलं, आणि मी वाचू लागले.

क्रांतिकारकांची फौज उत्तरेकडं निघाली. काही सरदार हरले, काही झेंडा बदलून सामील झाले. तिथंच चुकलं, काका म्हणाले; सरदार घेतले ते सरदारच राहिले. आबा म्हणाले, फौजेशिवाय राज्य उभं राहतं होय? एक उशीशी बोलत होता, दुसरा त्याच्या पाठीशी. मी वाचायची थांबले होते, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग आबांनी विचारलं, "तुमच्या पाण्याचं काय झालं रं?"

"आलं की, दादा. आता द्राक्षं हायत तिकडं."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं न्हाई."

काकांनी हात पुढं केला आणि आबांच्या पाठीवर ठेवला. पडदा हलत होता. तसंच बसल्या बसल्या काकांना डुलकी लागली, आबांनाही.

आबांना उताणं व्हायची परवानगी मिळेपर्यंत काका आमच्याकडंच राहिले. पुढं नजर बरी झाल्यावर दोघं पूर्वेला जाऊन आले. चिनी सरदारांबद्दल मात्र त्यांचं अजून जमलेलं नाही.