एका दमातला राजा

बोलायच्या आधी ते उजवा तळहात समोरच्याच्या तोंडापुढे धरायचे. म्हणजे, थांबा. मग छाती भरून श्वास घ्यायचे आणि राजाचं अख्खं भाषण एका दमात म्हणून दाखवायचे. शेवटी ठरलेलं वाक्य, "श्वास आपला नोकर आहे, बाई. मालक नाई."

हे सारं चालायचं ते वडशाच्या आमच्या दवाखान्यात, मधुमेहाच्या रांगेत. मी तिथे नर्स. ते, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, झाडीपट्टीतले, पूर्व विदर्भातल्या त्या रंगभूमीचे नट. हिवाळाभर गावोगाव राजा होऊन मरत फिरायचे. रांगेतल्या बाया म्हणायच्या, "आणखी एक होऊन जाऊ द्या ना जी!" की रांग अडलीच. मी ओरडायची, आणि ऐकायचीही.

त्यांना रोज इन्सुलिन लागायचं. नाटकाच्या पेटीत मुकुटाशेजारी ओलं फडकं गुंडाळलेलं छोटं मडकं असे, त्यात औषधाची बाटली. तिला ते राणीसाहेब म्हणत. बायको म्हणायची, "माह्यापेक्षा तिचीच सेवा जास्त."

एका हंगामात त्यांना ताप आला, उलट्या सुरू झाल्या. अन्न पोटात ठरेना, म्हणून त्यांनी सुईही बंद केली. पुष्कळ जण हेच करतात. जेवलोच नाही तर साखर वाढेल कशाला, असा हिशेब. साखर काही हा हिशेब ऐकत नाही.

तशाच अंगाने ते दुपारच्या तालमीला उभे राहिले. राजा मरतो तो प्रवेश होता. असा खोल, भराभर श्वास चालला होता की मंडळी थक्क झाली. हार्मोनियमवाल्याने तर टाळ्या वाजवल्या. प्रवेश संपला तरी श्वास काही थांबेना, तेव्हा बायकोने त्यांना ऑटोत घातलं आणि आमच्याकडे आणलं.

आणलं तेव्हा तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता आणि दात गच्च आवळलेले होते. छाती उसळली की हे गृहस्थ ती दाबून धरत. जन्मभर कमावलेला दम त्यांनी नेमका तिथे पणाला लावला होता. मला धडकीच भरली. डॉक्टर सलाईन लावत होते, मी भाऊंच्या कानाशी वाकले.

"भाऊ, दाबू नका. येऊ द्या श्वास."

"लोकं... पाहून राह्यले," ते कसेबसे म्हणाले. "नटाले धाप... शोभत नाई."

"लिंबाच्या पाण्यात खायचा सोडा टाकला का फसफसते ना? तुमचं रक्त आंबट होऊन राह्यलं. रक्तातला सोडा तो आंबटपणा मारते, अन् फसफसून निघालेली हवा श्वासावाटे बाहेर जाते. आता सोडा संपत आला. श्वासच तुमाले वाचवून राह्यला, अन् तुम्ही त्याचाच गळा धरून बसले!"

त्यांनी दातांतूनच विचारलं, "म्हणजे मालक... तोच?"

"रखवालदार आहे. करू द्या त्याले त्याचं काम."

त्यांनी आवळलेले दात सोडले. सगळ्या वॉर्डासमोर मोठमोठ्याने धापा टाकू लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते लाजेचंच असावं. मला मात्र तो आवाज इतका गोड कधी लागला नव्हता. इन्सुलिन आणि सलाईनने आपलं काम केलं, आणि हळूहळू तो श्वास आपोआप शांत झाला.

डॉक्टरांनी सांगितलं, नाटक सोडा. भाऊंनी तळहात पुढे केला. "उपाशी राहीन तरी सुई सोडणार नाई, आजारी पडलो का पह्यले इथी येईन. पण नाटक सोडा म्हणू नका. मराचंच असन तर तिकीट काढलेल्या लोकाईसमोर मरीन."

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मला आग्रहाने नाटकाला बसवलं, अगदी पुढच्या खुर्चीत. राजाला तलवार लागली आणि तोच श्वास सुरू झाला. खोल, भराभर. मी चपला शोधत उभीच राहिले. राजा कोसळला. मागचे लोक "बसा ना बाई!" म्हणून ओरडत होते. तेवढ्यात मेलेल्या राजाने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि उजवा तळहात किंचित उचलला. थांबा.

नंतर कित्येक हंगाम त्यांनी गाजवले. सुई एकदाही चुकवली नाही. यंदाच्या उन्हाळ्यात झोपेतच हृदय बंद पडलं. तिकीट काढलेलं कुणी समोर नव्हतं.

अंगणात ठेवलं होतं. बाया रडत होत्या, आणि मी वेड्यासारखी त्यांच्या छातीकडे बघत उभी होते. बायकोच्या ते लक्षात आलं. तिने माझा हात धरला.

"बाई," ती म्हणाली, "मीबी सकाळपासून ह्यायच्या तळहाताकडंच पाहून राह्यली."