पवार सिस्टरांच्या घराचा कर

पवार सिस्टर आमच्या कचेरीत आल्या की आधी समोरच्याचं मनगट धरायच्या. नमस्कार-चमत्कार नंतर. घड्याळाकडे बघत नाडी मोजायच्या आणि म्हणायच्या, "हं. आता श्वास घ्या आणि मग खोटं बोला." मिळकतकराच्या कारकुनीत जन्म गेला माझा. लोक अंगावर ओरडले, रडले, एकाने तर माझ्या टेबलावर नारळ फोडला. पण खोटं बोलण्याआधी प्रकृतीची चौकशी करणारी बाई ही एकच.

सिस्टर प्रसूतिगृहात नोकरीला होत्या. लग्न केलं नाही. सगळं आयुष्य क्वार्टर्सच्या एका खोलीत काढलं, भिंतीला खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागायचा. निवृत्तीचा सगळा पैसा घालून त्यांनी हडपसरपुढच्या मांजरी गावात चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. "देशमाने, लोकांची इतकी पोरं त्यांच्या त्यांच्या घरी धाडली मी. आता मला माझ्या घरी जायचंय," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. बिल्डरने किल्ली हातात दिली आणि तो जो पसार झाला तो झालाच. वीज नाही, पाणी नाही, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. सिस्टर आपल्या भाचीकडे हडपसरला राहिल्या. कराचं बिल मात्र अगदी वेळेवर आलं, पाणीपट्टीसकट!

यात माझा हात होता, ते सांगूनच टाकतो. मुहूर्त चुकू नये म्हणून सिस्टरांनी किल्ली मिळताच वास्तुशांत उरकून घेतली होती. पाणी भाचीकडून कॅनमध्ये भरून आणलं, जेवण केटररचं. नोंदणीच्या कामात मदत केली म्हणून मलाही आग्रहाची पत्रिका. मी चार मजले चढून गेलो, जिलबी-मठ्ठ्यावर आडवा हात मारला आणि दुसऱ्या दिवशी इमानदार कारकुनासारखी ती पत्रिका फाइलला लावून शेरा मारला, 'वास्तुशांत झाली. वापर सुरू.' खाल्ल्या मिठाला इतकं चोख जागलेला माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

सिस्टरांनी बिलाविरुद्ध तक्रार केली, तेव्हा सुनावणीला आमच्या साहेबांनी नेमकी तीच पत्रिका पुढे केली. "बाई, इथे चक्क छापलंय की, 'आम्ही नूतन वास्तूत राहावयास जात आहोत.'"

"त्याच्यावर गणपतीही छापलाय," सिस्टर म्हणाल्या. "तोही राहतो का तिथे? मग त्यालाही पाठवा बिल."

साहेब म्हणाले, घर रिकामं असल्याचा पुरावा म्हणून शून्य युनिटचं विजेचं बिल आणा. मीटरच नाही तर बिल कुठून येणार? सिस्टर विजेच्या ऑफिसात गेल्या. तिथे उत्तर मिळालं, मीटर नसल्याचा दाखला फक्त ग्राहकाला देतो, आणि ग्राहक व्हायला मीटर लागतो. परत येऊन त्या साहेबांना म्हणाल्या, "हे म्हणजे जन्मदाखला दाखवल्याशिवाय बाळाने बाहेर यायचं नाही, तसलं झालं." साहेब हसले नाहीत. ते हा नियम टिपून घेतात की काय, अशी मला धास्ती वाटली.

शेवटी स्थळपाहणी ठरली. भर दुपारी मी आणि साहेब धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचलो. सिस्टरांनी थर्मासमधला चहा दिला. साहेबांनी दोन कप घेतले. थोड्या वेळाने ते अस्वस्थ झाले आणि हळूच विचारलं, "बाई, जरा इकडे... सोय आहे का?"

"अहो, आहे की! तुम्हीच घर म्हणताय म्हटल्यावर संडास असणारच. बादली आणलीत ना भरून?"

साहेब चार मजले उतरून हायवेवरच्या हॉटेलात जाऊन आले. परत चढून येईपर्यंत त्यांचा चेहरा पार उतरला होता. सिस्टरांनी त्यांचीही नाडी बघितली. "चला, आता एक दिवस राहूनच दाखवा इथे. मी डबा पाठवते."

आठवड्यात आदेश निघाला. 'सदर मिळकत निवासास अयोग्य. कर रद्द.'

"जिंकलात, सिस्टर!" मी म्हणालो.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "जिंकले ना. मला घर नाही, असं आता शिक्क्यासकट लिहून मिळालं." मला फार लाज वाटली. त्या जिलबीची तर फारच.

दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या. अंगाचं नुसतं चिपाड झालं होतं. इमारतीतल्या फ्लॅटवाल्यांनी मिळून वीज, पाणी आणवलं होतं. "राहायला गेले मी परवा. आता कर लावा," त्या म्हणाल्या.

कर लावा म्हणून आलेला माणूस मी नोकरीत पहिल्यांदाच बघत होतो. साहेब दचकले. "असा कसा लावता येईल? आदेश तुमच्याच बाजूने झालाय. त्याच्याविरुद्ध अपील करा. शिवाय अयोग्य घरात राहताय, हे लेखी देऊ नका, गोत्यात याल."

सिस्टरांनी स्वतःच्या विजयाविरुद्ध अपील केलं. सुनावणीत विचारलं गेलं, विरोधी पक्ष कोण? "तोही मीच," त्या म्हणाल्या. "दोघींचं एकमत आहे. तुम्ही फक्त सही करा."

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पोटाचा कॅन्सर आहे. डॉक्टर तीन महिने म्हणतात. तुमच्या फाइलला किती लागतात?" भाची त्यांना परत आपल्याकडे नेऊ बघत होती, सरकारदरबारी ते घर राहण्याजोगं नाही, असं ती तोच आदेश दाखवून सांगत होती. "मला माझ्याच घरात मरायचंय, देशमाने. पण ते घर आहे असं लिहिलेलं पाहिजे."

जन्मात मी कुणाची फाइल नंबर तोडून पुढे सरकवली नव्हती. ही सरकवली. टेबलाटेबलावर स्वतः घेऊन फिरलो, सह्या होईपर्यंत हलत नव्हतो, शिपायाचीही बोलणी खाल्ली. बिल छापून निघालं तसा रिक्षा करून मांजरी गाठली. लिफ्ट अजून नव्हतीच.

सिस्टर पलंगावर पडून होत्या. "वाचा," म्हणाल्या.

"मिळकतधारक, शकुंतला पवार. वापर, निवासी. भोगवटा, स्वतः."

"शेवटचं परत."

"भोगवटा, स्वतः."

त्यांनी बिल हातात घेतलं आणि भाचीला हाक मारली. "हे बघ. आता कुठे न्यायचं नाव काढू नकोस."

अकराव्या दिवशी त्या गेल्या. पुढे भाची नावात बदल करायला कचेरीत आली, तेव्हा मृत्यूचा दाखला तपासायला माझ्याच टेबलावर आला. मृत्यूचे ठिकाण या रकान्यात लिहिलं होतं, 'राहते घर'.