नेहमीचे विषय

डोंगा चोरीला गेल्याची ती फिर्याद अजूनही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सागवानाचे ट्रक पकडले. पण फिर्याद आली, माल सापडला, कोणी काय केले तेही कळले, आणि चोर मात्र निघालाच नाही, असे प्रकरण ते एकच.

तेव्हा वैनगंगेच्या काठावरच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत नदी आणि नाल्याच्या बेचक्यात एक गाव आहे. पूर आला की त्याचा रस्ता पाण्याखाली जातो आणि मग दवाखाना, बाजार, तहसील सगळे पलीकडे राहते. त्यासाठी पंचायत समितीने गावाला फायबरची नाव दिली होती. आमच्याकडे नाव कशाचीही असो, तिला डोंगाच म्हणतात. तो चालवायला गावातलाच एक साठीचा नावाडी होता. पावसाळ्यात त्या गावचा माणूस आधी त्याचे तोंड पाहायचा, मग आभाळाचे.

ऐन मे महिन्यात त्या गावच्या बाई ठाण्यात आल्या. बाई पंचायत समितीच्या सदस्य होत्या. नवऱ्याला पुढे करून आपण मागे बसणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. ठाणे अंमलदाराने खुर्ची द्यायच्या आत त्यांनी ती ओढून घेतली.

"साहेब, आमचा डोंगा इकला त्या नावाड्यानं. रिपोर्ट घ्या."

"विकताना कोणी पाहिलं?"

"पाह्याले कायले पायजे? गावात सांगते दुरुस्तीले गेला, अन् दुरुस्ती तं सुरूच नाई झाली. ग्रामसभेत समद्यायनं हात वर केले. एकमतानं ठरलं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "माह्या सुनेचे दिवस भरत आले साहेब. मिरगात बाळंत होईन. नदी भरली तं मी तिले कशी नेऊ?"

बाईंचा राग का आहे ते मला तिथे कळले. फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि तपास जमादाराकडे न देता स्वतःकडे ठेवला. जमादार चांगला होता, पण त्याचा हात जिभेच्या आधी चालायचा.

नावाड्याला बोलावले. आला, टोपी काढून उभा राहिला. जमादाराने सुरुवात केली.

"काऊन रे, डोंगा कुठी इकला?"

"नाई इकला साहेब. मी डोंगा इकीन तं गावच्या बाया कोनाच्या खांद्यावर जातीन?"

"मंग गेला कुठी?"

"दुरुस्तीले."

त्याचे म्हणणे असे. मागच्या पुरात डोंग्याला तडा गेला. दिवाळीनंतर त्याने तो ट्रॅक्टरवर घालून पंचायत समितीच्या आवारात नेऊन टाकला. तिथे त्याला सांगितले, मीटिंगमध्ये मंजूर झाले की दुरुस्त करून देऊ. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो आवारात जाऊन डोंगा पाहून येई. एका बाजारी डोंगा जागेवर दिसला नाही. हा खूश झाला. गावात येऊन सांगितले, डोंगा दुरुस्तीला गेला.

मी पंचायत समितीच्या बडे बाबूंना फोन लावला. बडे बाबू म्हणजे तिथले मुख्य लिपिक. ते म्हणाले, "छे छे, दुरुस्तीची फाईल अजून अभियंत्याच्या टेबलावर आहे. काम सुरूच झालेलं नाही."

आवाराच्या चौकीदाराचा जबाब घेतला. तो छातीठोकपणे म्हणाला, "साहेब, फाटकातून डोंगा गेलाच नाई. फक्त भंगार गेलं. नावाडी येत-जात राहाते, त्यानंच नेला असंन."

झाले. नावाडी खोटा ठरला. त्यात त्याने त्याच उन्हाळ्यात घरावर नवे टिन टाकले होते. मुलगा आणि सून तेलंगणात मिरची तोडायला गेले होते, त्या कमाईचे ते टिन. पण गावाला तेवढे पुरले. किराणा दुकानात त्याला उभे करेनात. भाच्याच्या लग्नात पंगतीत शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला, हे त्याने मला सांगितले तेव्हा तो माझ्याकडे पाहत नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

मला तो खोटा वाटत नव्हता. खोटे बोलणारा माणूस हकीकत प्रत्येक वेळी थोडी सुधारून सांगतो. हा चार वेळा आला आणि चारही वेळा तेच, तसेच वेडेवाकडे बोलला. पण वाटण्यावर केस डायरी लिहिता येत नाही.

खबर आली ती बाजारातून. झिंगे विकणारी एक म्हातारी जमादाराला म्हणाली, नागभीडकडच्या एका मामा तलावात निळा डोंगा फिरून राहिला आहे, पण त्याच्या नाकावर शेंदूर आहे. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारांच्या काळातले मोठे तलाव. त्यात मासेमारीचे ठेके दिले जातात. तलावातल्या डोंग्याला कोणी शेंदूर फासत नाही. आमचा नावाडी मात्र दर वर्षी पहिल्या फेरीआधी डोंग्याच्या नाकाला तेलाशेंदराचा टिळा लावायचा. वर्षानुवर्षांचा तो थर इतका जाड झाला होता की त्यावर रंग धरत नसे.

पंच घेतले, नावाड्याला गाडीत घातले आणि तलाव गाठला. काठावर डोंगा होता. निळा रंग चकचकीत, आणि नाकावर निळ्यातून फुटलेला शेंदरी डाग. नावाडी त्याच्याभोवती एक फेरी फिरला. तड्याच्या जागी हात फिरवला. रडेल असे मला वाटले होते. तो म्हणाला, "बरा दुरुस्त केला साहेब."

तलावाचा ठेकेदार अंगावर येणारा माणूस नव्हता. त्याने भंगारवाल्याकडून डोंगा घेऊन आपल्या खर्चाने बुजवला होता. भंगारवाला म्हणाला, पंचायत समितीच्या लिलावात घेतला, पावती पाहा. पावती खरी होती. म्हणजे डोंगा सरकारनेच विकला होता. पण कोणी, कधी, कोणाच्या हुकमाने?

दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत गेलो. बडे बाबू घाईत होते. "साहेब, आज मासिक सभा. जरा बसून घ्या, संपली की मी तुमचाच." मी सभागृहात मागच्या खुर्चीवर बसलो. आमच्या तपासाची गाठ तिथे बसल्या-बसल्या सुटली.

सभा सुरू झाली आणि भांडणाने सुरू झाली. एका समाजमंदिराच्या कोनशिलेवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, यावर एक सदस्य उठून निघाला, दुसऱ्याने त्याला धरून बसवले, सभापतींनी पाणी मागवले. आमच्या बाईही त्यात मागे नव्हत्या. इतक्यात आलुपोह्याच्या बशा आल्या. बशा हातात आल्यावर बडे बाबू उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "विषय क्रमांक चार ते अकरा, नेहमीचे विषय, वाचलेत असे समजावे काय?"

सगळ्यांनी एका हाताने बशी धरली आणि दुसऱ्या हाताने टेबल वाजवले. मंजूर, मंजूर. बाईंनीही वाजवले. आठ विषय एका घासात गेले. त्यात रस्ते होते, औषधे होती, शाळेचे छप्पर होते.

सभा संपल्यावर मी बडे बाबूंना बाजूला घेतले. "मार्चमधल्या सभेत डोंग्याचा विषय होता?"

"होता ना. दुरुस्तीची तरतूद. बाईंनी तीन सभा लावून धरला होता. एकमताने मंजूर."

"आणि आवारातल्या भंगाराचा?"

"तोही त्याच सभेत. आवारातील सर्व निरुपयोगी साहित्य जसे आहे तसे, जेथे आहे तेथे लिलावात काढणे. तोही एकमता..."

ते मध्येच थांबले. डोंगा त्या आवारात, मेलेल्या जीपच्या मागे, पालथा पडला होता. ज्या सभेने तो दुरुस्त करायचे ठरवले, त्याच सभेने त्याच बैठकीत तो विकायचेही ठरवले. दुरुस्तीला अंदाजपत्रक लागते, अभियंत्याची सही लागते; ती फाईल निवांत निघाली. विकायला फक्त घेणारा लागतो, तो दारातच उभा होता. चौकीदार खोटे बोलला नव्हता. कागदावर भंगार होते, म्हणून त्याच्या डोळ्यांनाही भंगारच दिसले.

बडे बाबू खुर्चीत बसले. "साहेब, मी काही खाल्लं नाही हो यात," असे दोनदा म्हणाले. त्यांनी खाल्ले नव्हते हे खरेच होते. कोणीच खाल्ले नव्हते. मला त्याचाच जास्त राग आला. खाणाऱ्याला बेडी तरी घालता येते.

बाई व्हरांड्यात चपला शोधत होत्या. मी विचारले, "ताई, आत्ता काय-काय मंजूर केलं?"

"ते नेहमीचं असते साहेब."

"तुमचा डोंगा नेहमीच्या विषयात गेला," मी म्हणालो आणि सगळे सांगितले. बाई भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे मीच इकला." सांत्वन करायला ती जागा नव्हती आणि माझी इच्छाही नव्हती.

कायद्याने गुन्हा घडलाच नव्हता. फिर्याद गैरसमजाने दिली असा 'क' समरीचा अहवाल मी न्यायालयाला पाठवला. पण त्याने डोंगा परत येत नव्हता. चोरीचा माल नसल्याने मला तो जप्त करता येईना. सभापती म्हणाले, परत घ्यायला तरतूद नाही, पुढच्या सभेत विषय ठेवू. पुढच्या सभेपर्यंत नदी कोणासाठी थांबणार होती?

शेवटी बाई स्वतः तलावावर गेल्या आणि ठेकेदारापुढे पदर पसरला. त्या माणसाने आढेवेढे घेतले नाहीत. "पूर उतरेवरी घेऊन जा बाई. तलाव कुठी पळून जाते?" एका वाक्यात त्याने विषय संपवला. ना ठराव, ना अनुमोदन.

डोंगा ट्रॅक्टरवर गावात आला त्या दिवशी बंदोबस्ताच्या निमित्ताने मी आणि जमादार गेलो. पाणी चढायला लागले होते. बाई नावाड्याच्या दारात गेल्या, हात जोडले. "भाऊ, चुकलं. वल्हं घ्या. आता जुनं काढू नका."

म्हातारा उंबऱ्यावरच बसून होता. "तुमच्या सुनेले आत्ताच नेतो बाई. तिनं हात वर केला नव्हता." मग जमलेल्या गावाकडे बघून म्हणाला, "बाकीच्याईले आदी ग्रामसभा लावा. मले चोर ठरवाले हात वर केले होते ना? आता तेच हात, त्याच जागी."

तो सुनेला पलीकडे सोडून आला तोपर्यंत शाळेच्या पटांगणात गाव बसले होते. ग्रामसेवकाने पेन काढले. "नावाडी निर्दोष असल्याबाबत. सर्वानुमते मंज..."

"सर्वानुमते नोको लिहू," म्हातारा म्हणाला. "एकेकाचं नाव घे. मी पाहातो."

नोकरीत मी खोटे साक्षीदार, विकत घेतलेले पंच, सगळे पाहिले होते. त्यांची चीड येते, पण त्यांच्याशी कसे वागायचे ते आम्हाला शिकवलेले असते. न वाचता, न ऐकता, शेजाऱ्याचा हात वर गेला म्हणून आपला हात वर करणारा भला माणूस कसा हाताळायचा, हे कोणत्याही प्रशिक्षणात नव्हते. ते मी त्या पटांगणात, एका नावाड्याकडून शिकलो. आज आमच्या कॉलनीच्या सभेत मी प्रत्येक विषय पूर्ण वाचायला लावतो, त्यामुळे चहा गार होतो आणि लोक मला टाळतात. टाळोत.

ग्रामसेवकाने पहिले नाव बाईंचे घेतले. त्या उभ्या राहिल्या, हात वर केला आणि म्हातारा मान हलवेपर्यंत खाली घेतला नाही. मग एकेक नाव, एकेक हात. पंगतीतून उठलेला माणूसही होता, त्याचा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा म्हातारा म्हणाला, "अजून वरतं." यादी संपली तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या जमादाराने, त्याला कोणी विचारले नसताना, टोपी काखेत धरून हात वर केला. मग मीही केला.

म्हाताऱ्याने आम्हा दोघांकडे पाहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि भिंतीला लावलेले वल्हे उचलले.

"चला," तो म्हणाला, "कोन-कोन येते? पानी वाढून राह्यलं."