दत्तारामचा विलायती डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून दहा-बारा पावसाळे काढले की किस्से आपोआप साठतात. हसवायला म्हणून सांगायला घ्यावेत, तर ऐकणाराच डोळे पुसायला लागतो. त्यातून दत्तारामचे तर फारच!

* * *

दत्ताराम पूर्णगडचा खलाशी. शिडाचा दोर तुटला आणि कप्पी डोळ्यावर बसली. डोळा काढावाच लागला. शुद्धीवर येताच त्याने आमच्या डॉक्टरांना एकच विचारलं, "पोरगी माज्याकडं येल ना?"

त्याची यमी चार वर्षांची. ती जखम पाहून आईच्या पदराआड लपली होती.

"काचेचा डोळा बसवू. येईल!" डॉक्टर म्हणाले.

* * *

काचेचा डोळा टिकायला खोबण नीट हवी. डॉक्टरांनी ओठाच्या आतली कातडी काढून तिथे शिवली. दुसऱ्या दिवशी दत्ताराम जेवेना.

"ओठ वर गेला न्हवं! तिकाट खाल्लं तर डोळा झोंबल!"

अख्खा वॉर्ड हसला. तोही हसला, पण टाके ताणले आणि कळवळला बिचारा.

* * *

दवाखान्याच्या पेटीत होते ते सगळे काचेचे डोळे निळे, साहेबलोकांचे! तपकिरी डोळा मुंबईहून यायचा होता आणि पावसाळ्यात बोटी बंद. मी म्हटलं, "तोवर निळा घाल."

"नको. पोरगी आधीच घाबरते, त्यात साहेब कशाला?"

* * *

मग पावसाळाभर तो बायको-मुलीला घेऊन दवाखान्याजवळच्या मिरकरवाड्यात बहिणीकडे राहिला. रोज ड्रेसिंगला यायचा. यमी बाहेर बसायची. पांढरी पट्टी बांधून बाप आला की आधी लांबून बघायची, मग बोट धरायला लागली. एकदा तर आपली लाकडी बाहुली, ठकीच माझ्यापुढे धरली, "हिला पन बांद!"

मी बांधली. डॉक्टर ओरडले, "पट्ट्या काय झाडाला लागतात?" आणि स्वतःच ठकीची गाठ घट्ट केली.

* * *

नारळी पुनवेनंतर पहिल्या बोटीने डोळा आला. अगदी हुबेहूब! दत्ताराम आरशासमोरून हलेना. बायको रडत होती, डॉक्टरही खुशीत.

यमी ठकीला घेऊन धावत आली आणि दारातच थबकली.

"माजा बाबा कुठाय?"

"मीच गो, यमे!"

ती मागे सरकली, किंचाळायला लागली. आईने पुढे ढकललं तरी येईना.

दत्तारामने माझ्यापुढे हात केला. "पट्टी द्या."

मी दिली. नव्या डोळ्यावर त्याने ती स्वतःच बांधली.

यमी आली आणि त्याच्या मांडीवर बसली.