जांभळ्या बॅटरीतला कापूस

पिंपळगाव राजात माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, बारशी, निरोप समारंभ, यावर तो चालायचा. डिजिटल कॅमेरा घेतल्यावर मला एक वेगळाच नाद लागला. अंधारात कॅमेरा स्टँडवर लावायचा, शटर बराच वेळ उघडं ठेवायचं आणि काळे कपडे घालून हातातल्या बॅटरीनं हवेत रेघा ओढत फिरायचं. हलता माणूस फोटोत उमटत नाही, उजेडाच्या रेघा तेवढ्या उमटतात. एखादं बाभळीचं झाड घेतलं आणि त्याच्या फांद्यांवरून हलक्या हातानं बॅटरी फिरवली, तर ते झाड आतून पेटल्यासारखं दिसायचं.

बाजारातल्या बॅटऱ्या या कामाच्या नव्हत्या. त्यांचा उजेड भसकन पसरायचा. माझ्या शेजारच्या दुकानात शेतपंपाच्या जळक्या मोटारींची वायर पुन्हा भरणारा मिस्त्री होता, माझा जुना दोस्त. त्याला मी अडचण सांगितली आणि तोही या नादाला लागला. स्वस्तातल्या चिनी बॅटऱ्या तो खोलायचा, आतला एलईडी उखडून दुसऱ्या रंगाचा जोडायचा, तोंडाला वायरिंगच्या पाइपचा तुकडा बसवायचा, म्हणजे उजेडाची धार बारीक व्हायची. मोडक्या लॅपटॉपमधले सेल काढून त्यानं त्या तासन्‌तास चालतील अशा केल्या. त्यातच एक जांभळी होती. नोटा तपासायला असतो तसला तिचा दिवा. तिच्या उजेडात कोरा कागद, पावडरीत धुतलेला सदरा असं काहीबाही निळसर पांढरं चमकायचं. एकदा नमाजाहून आलेल्या मिस्त्रीच्या टोपीवर मी ती धरली, तर टोपी अशी चमकली की आम्ही दोघं खूप हसलो होतो.

त्या साली तालुकाभर बीटी कापसाच्या बोंडात अळी निघाली. या बियाण्याला बोंडअळी लागतच नाही म्हणून सगळ्यांनी ते पेरलं होतं. वरून बोंड हिरवंगार, धडधाकट. दाबलं की आत पिवळा चिकट लगदा आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी. माणसं चहाच्या टपरीवर खिशातून बोंडं काढायची आणि फोडून एकमेकांना दाखवायची. अळ्या टेबलावर पडायच्या. मी कपातला चहा टाकून उठायचो. गावभर फवारणीच्या औषधाचा उग्र वास. तो कपड्यांना यायचा, केसांना यायचा, घरच्या भाकरीलाही येतो की काय असं वाटायचं.

अशात बियाण्याच्या एका कंपनीचा माणूस स्टुडिओत आला. नीटनेटका, गोड बोलणारा, गळ्यात कंपनीचं कार्ड. माझे बाभळीचे फोटो त्यानं कुठंतरी पाहिले होते. कंपनीच्या शेतकरी मेळाव्यासाठी आणि जाहिरातीच्या फ्लेक्ससाठी त्याला अंधारात चमकणारी कापसाची पऱ्हाटी हवी होती. शेत त्यानं ठरवलंही होतं. रस्त्याला लागून, एका रिटायर नर्सबाईंचं. मी म्हटलं, कापूस तर सगळा सडला आहे. तो म्हणाला, ते आम्ही बघतो, तुम्ही फक्त उजेडाचं बघा.

दिवेलागणीला मी आणि मिस्त्री बॅटऱ्यांची पिशवी घेऊन शेतात पोचलो. बाई नव्हत्या. दोन मजूर डिंकाची वाटी घेऊन पऱ्हाटीच्या ओळीत वाकले होते. गोणीतून पांढऱ्याशुभ्र कापसाचे पुंजके काढत होते आणि सडक्या बोंडांवर चिकटवत होते. डिंकाला आधीच चिलटं लागली होती. मी एक बोंड हातात धरलं, ते बोटांतच फुटलं. लगदा नखात गेला, अळी मनगटावर चढली. मी हात मातीत घासला, पुन्हा घासला, तरी ते चिकट गेलं नाही. कंपनीच्या माणसानं खिशातून कागदी रुमाल काढून दिला आणि म्हणाला, सर, कॅमेऱ्यात हे येणार नाही ना?

अंधार पडल्यावर मी शटर उघडलं आणि आधी पांढऱ्या बॅटरीनं ओळ रंगवली. तिच्यात सगळा कापूस सारखाच दिसत होता. मग मिस्त्रीनं जांभळी बॅटरी पेटवली आणि झाडांवरून फिरवली. चिकटवलेले पुंजके टक्क निळे चमकले, माझ्या दोस्ताच्या टोपीसारखे. तो उशीत भरायचा, कारखान्यात पांढरा केलेला माल होता. त्याच्यामागचा खरा, अळीनं नासवलेला कापूस, ज्याला आमच्याकडे कवडी म्हणतात तो, मळकट, डागी, वाळलेल्या थुंकीसारखा लोंबत होता.

"भाऊ," मिस्त्री हळूच म्हणाला, "हा उजेड चोर दाखवून राह्यला."

मी फोटो काढला आणि पडद्यावर त्या माणसाला दाखवला. मला वाटलं, आता तरी तो ओशाळेल. तो पुढं वाकला, त्याचे डोळे लकाकले. "वा सर, हाच पाहिजे. मागचं ते मळकं तेवढं कॉम्प्युटरवर काढून टाका." मला त्या अळीची आली नव्हती तेवढी किळस त्या क्षणी आली. मी सामान गोळा केलं. फोटो देणार नाही म्हणून सांगितलं. त्यानं आधी हसून समजावलं, मग माझ्या कामाचं मोल वाढवलं, मग म्हणाला की फोटोवाले गल्लीगल्लीत मिळतात.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई स्टुडिओत आल्या. ठेंगण्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या. जयभीम करून खुर्चीवर बसल्या आणि फोटोची एक प्रत मागितली. अळीचं नुकसान कंपनीला दाखवायचं आहे, असं सांगून त्या माणसानं त्यांचं शेत घेतलं होतं. मी फोटो त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी विचारलं, "हे काऊन चमकून राह्यलं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "जखम न धुता वरून पट्टी बांधली की असाच वास मारते. मले मोठा करून द्या."

मेळाव्यात त्या पहिल्या रांगेत बसल्या. कंपनीचा माणूस नव्या वाणाबद्दल बोलत असताना उभ्या राहिल्या, तो मोठा फोटो लोकांकडे वळवून धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "जे चमकते ते यांचं हाये. जे मळकं हाये ते माह्यं. माह्या वावरात रातच्यानं डिंक लावून गेले हे."

मंडपात चुळबूळ झाली. मागून दोघातिघांनी कंपनीला शिवी हासडली. कंपनीच्या माणसानं हात जोडून, मावशींची काही गैरसमजूत झाली आहे, असं म्हटलं आणि जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. माणसं उठली. पुरी-भाजीच्या रांगेत मघाशी शिवी देणारेही होते. कंपनीच्या टोप्या घालून, बोटं चाटत, आपापल्या बोंडातल्या अळ्यांच्या गोष्टी ते एकमेकांना सांगत होते. मी आणि मिस्त्री मंडपाच्या कडेला उभे होतो. मिस्त्री म्हणाला, चल, इथं पाणीसुद्धा नको प्यायला.

पंधरवड्यात बस स्टँडवर कंपनीचा फ्लेक्स लागला. दुसऱ्या कुठल्या शेतातला, दुसऱ्या कोणाचा फोटो, दिवसाउजेडी काढलेला. खाली एक हसरा शेतकरी. मी बस यायची वाट बघत त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचो.

नर्सबाईंनी पुढल्या मृगात सोयाबीन आणि तूर पेरली. रोही, म्हणजे नीलगाई, फार येतात म्हणून मिस्त्रीनं त्यांना डोक्याला बांधायची बॅटरी करून दिली. मोठ्या सेलची, लांब फेकीची. ती बांधून त्या बांधावर फिरायच्या तेव्हा रस्त्यावरून उजेड हलताना दिसायचा. एकदा मला कॅमेरा आणायची इच्छा झाली. पण त्या ओळींतून चालायचं म्हटलं की बोटांना तो लगदा आठवायचा. मी गाडी न थांबवता पुढं निघून गेलो.